उपचार संपल्यानंतर
(स्तनाच्या कर्करोगांतून उठलेल्या स्त्रीचा आहार, व्यायाम व दिनक्रम)

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार यांचा कित्येक महिन्यांचा फेरा संपवून एखादी गृहिणी घरीं परत येते, तेव्हां घरांतील मंडळींचा जीव भांड्यांत पडतो, आणि त्याच दिवसापासून घरांत कांहीं नवे कायदे अमलांत येतात. तिनें पाण्याची कळशी उचलावयाची नाहीं. जिना चढावयाचा नाहीं. पोळ्या लाटावयाच्या नाहींत. आणि ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली तो हात तर शक्य तों हलवावयाचाच नाहीं. दुपारीं निजावें, संध्याकाळीं खुर्चीवर बसावें, आणि शक्ति भरून येण्यासाठीं तूप, बदाम, शिरा, डिंकाचे लाडू हे पदार्थ आलटून पालटून खावे. हे कायदे प्रेमापोटीं झालेले असतात, याविषयीं कोणी शंका घेणार नाहीं. परंतु गेल्या तीस वर्षांत वैद्यकशास्त्रानें या विषयाचा जो अभ्यास केला आहे तो पाहतां यांतील बहुतेक कलमें रद्द करावीं लागतील, आणि एक-दोन तर अगदीं उलटीं लिहावीं लागतील. बाईला दुखण्यांतून उठविण्यासाठीं केलेली व्यवस्थाच तिला दुखण्यांत बसवून ठेवते, असें पुष्कळ घरीं घडत आहे.

उपचारानंतर काय, हा प्रश्न वैद्यकाला फार उशिरां पडला. कारण पूर्वीं ‘नंतर’ म्हणून फारसें कांहीं उरतच नसे. अपवाद होते. इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी यांच्या स्तनावर १८११ सालच्या सप्टेंबरांत पॅरिस येथें नेपोलियनच्या सैन्यांतील प्रसिद्ध शल्यवैद्य लारे यांनीं शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची विद्या तेव्हां निघाली नव्हती. बाईंनीं पुढें आपल्या बहिणीला पत्र लिहून सर्व हकीकत कळविली. तें पत्र आजही एका दमांत वाचवत नाहीं. परंतु त्यानंतर त्या अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्या, आणखी एक कादंबरी प्रसिद्ध केली, वडिलांचें चरित्र लिहिलें, आणि १८४० सालीं वयाच्या ८७ व्या वर्षीं वारल्या. त्या काळच्या वैद्यकाचें लक्ष शस्त्रक्रियेच्या घटकेवर. पुढच्या अठ्ठावीस वर्षांची काळजी ज्याची त्यानें वाहावयाची.

आज असे अपवाद अपवाद राहिलेले नाहींत. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षांत भारतांत सुमारें १ लक्ष ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्यानें जडला. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत याचा क्रमांक पहिला आहे. रोग लवकर ओळखला गेला तर यांतील पुष्कळ जणी पुढें दहा, वीस, तीस वर्षें संसार करतात, नोकऱ्या करतात, नातवंडें खेळवितात. तेव्हां या वर्षांचा विचार स्वतंत्रपणें करणें प्राप्त झालें आहे.

हात हलवूं नये, या नियमाचा उगम समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील विल्यम हॉल्स्टेड या शल्यवैद्यानें १८९४ सालीं आपल्या पद्धतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तींत स्तनाबरोबर छातीचे स्नायु व काखेंतील लसिकाग्रंथी हीं सर्व काढून टाकीत. जवळ जवळ पाऊणशें वर्षें ही पद्धति जगभर चालली. छातीचे स्नायुच गेल्यावर खांदा आंखडणारच. आणि काखेंतील ग्रंथी समूळ गेल्यावर पुष्कळ स्त्रियांचा हात सुजून जड होई. अशा हातावर भार टाकूं नये, हा सल्ला त्या वेळीं स्वाभाविक होता. पुढें इटलींत मिलान येथें उंबेर्तो वेरोनेसी यांनीं व अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें बर्नार्ड फिशर यांनीं १९७० नंतरच्या दशकांत शिस्तवार प्रयोग आरंभिले. त्यांतून असें सिद्ध झालें कीं, गांठ लहान असल्यास तेवढीच काढून किरणोपचार दिले तरी स्त्रीच्या आयुष्यमानांत उणें येत नाहीं. १९९० नंतर काखेंतील सर्व ग्रंथी न काढतां प्रथम एक-दोनच काढून तपासण्याची रीत आली; त्या निर्दोष निघाल्या तर बाकीच्यांना हात लावीत नाहींत. याप्रमाणें शस्त्रक्रिया बदलत गेली, सल्ला मात्र हॉल्स्टेडच्याच काळचा राहिला. क्रमिक पुस्तक बदललें तरी त्याचीं जुनीं गाइडें बाजारांत फिरत राहतात, त्यांतलाच हा प्रकार.

या जुन्या सल्ल्याला पहिला जाहीर धक्का बसला तो रुग्णालयांत नव्हे, तर पाण्यावर. कॅनडांतील व्हँकूव्हर येथील विद्यापीठांत डॉन मॅकेंझी नांवाचे डॉक्टर तेव्हां क्रीडावैद्यक शिकवीत. हातांनीं जोराची मेहनत केली कीं सूज येते, असें सर्व जण म्हणतात. परंतु त्याला पुरावा काय, असा प्रश्न त्यांनीं विचारला. १९९६ सालीं त्यांनीं या रोगाच्या उपचारांतून गेलेल्या चोवीस स्त्रिया गोळा केल्या आणि त्यांस चिनी पद्धतीच्या ड्रॅगन नांवेंत बसविलें. ही नांव लांबट व अरुंद असते. दोन-दोनांच्या जोडीनें वीस जण वल्हीं मारतात, पुढें एक जण नगारा वाजवून ताल देतो, मागें एक जण सुकाणू धरतो. खांदा, दंड, छाती व पाठ यांना यांहून कठीण मेहनत क्वचितच सांपडेल. आधीं कित्येक आठवडे व्यायामशाळेंत तयारी, मग पाण्यावर. हंगाम संपला तेव्हां तपासणी झाली. एकाही स्त्रीला नव्यानें सूज आलेली नव्हती. मॅकेंझी यांनीं ही हकीकत १९९८ सालीं कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापली. प्रयोग संपला असें त्यांना वाटत होतें. वल्हीं खालीं ठेवावयास बायाच तयार झाल्या नाहींत. आज जगांतील अनेक देशांत अशा स्त्रियांचीं नौकापथकें आहेत.

चोवीस उत्साही स्त्रियांवरून शास्त्राचा सिद्धांत होत नाहीं, हें खरेंच. तो भाग अमेरिकेंत कॅथरिन श्मिट्झ या विदुषींनीं पुरा केला. ज्यांच्या हाताला आधींच सूज होती अशा १४१ स्त्रिया घेऊन त्यांनीं चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यांतून दोनदां, शिक्षकाच्या देखरेखीखालीं, सुजल्या हातावर तंग बाही चढवून, वजनें उचलावयास लाविलीं. दुसऱ्या गटाचा क्रम पूर्वींप्रमाणेंच चालूं दिला. वर्षाअखेर पाहतात तों वजनें उचलणाऱ्यांची सूज वाढलेली नव्हती. उलट सूज बळावून त्रास होण्याचे प्रसंग त्यांना शेंकडा १४ जणींस आले, तर दुसऱ्या गटांत शेंकडा २९ जणींस. हा निबंध २००९ सालचा. दुसऱ्याच वर्षीं सूज नसलेल्या, परंतु येण्याचा संभव असलेल्या १५४ स्त्रियांवरील प्रयोग त्यांनीं प्रसिद्ध केला. त्यांतही वजनें उचलल्यानें सूज येण्याचें प्रमाण वाढलें नाहीं. मात्र यांतील शिस्त विसरतां कामा नये. आरंभ अर्ध्या-एक किलोसारख्या हलक्या वजनानें करावयाचा, हात कुरकुरला नाहीं तरच पुढच्या वेळीं थोडें वाढवावयाचें, आणि चार-आठ दिवस खंड पडला तर पुन्हां खालच्या पायरीपासून चढावयाचें. एकदम गव्हाचें पोतें उचलून शास्त्राची परीक्षा पाहूं नये.

ही सूज येते कशी? रक्तवाहिन्यांतून पाझरलेला पाण्यासारखा रस, ज्यास लसिका म्हणतात, तो बारीक वाहिन्यांतून गोळा होऊन काखेंतील ग्रंथींतून गाळला जातो व पुन्हां रक्तास मिळतो. या रसाला पुढें ढकलण्याच्या कामीं आसपासच्या स्नायूंचें आकुंचन मोठें साहाय्य करतें. ग्रंथी काढल्यानें अथवा किरणोपचारानें वाट अरुंद झाली असेल, तर स्नायूंची ही ढकलणी अधिकच हवी. हात गळ्यांत बांधून बसल्यानें तीच बंद पडते. आपल्याकडील स्त्रियांस सूज ओळखण्याचें उत्तम साधन हातांतच असतें. कालपर्यंत सैल असलेली बांगडी रुतूं लागली, पोलक्याची एकच बाही तंग होऊं लागली, अंगठी निघेनाशी झाली, कीं थांबूं नये. सूज आरंभीं आटोक्यांत येते, जुनी झाल्यावर हट्टी बनते. त्या हाताला विळीनें कापलें, भाजलें किंवा कांटा रुतला तर जागा ताबडतोब साबण-पाण्यानें धुऊन स्वच्छ ठेवावी. हात लाल होऊन तापला व अंगांत ज्वर भरला तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. येथें दुसऱ्या दिवसाची वाट पाहणें धोक्याचें आहे.

खांद्याचा व्यायाम हा त्याही आधींचा, शस्त्रक्रियेच्या मागोमागचा विषय. बोटें मिटणें-उघडणें, कोंपर वांकविणें हीं कामें पहिल्या दिवसापासून चालतात. हात खांद्याच्या वर नेण्याची मुभा जखमेंतील नळी निघाल्यावर, शल्यवैद्य सांगेल तेव्हां. इंग्लंडांत ज्यांचा खांदा आंखडण्याचा संभव अधिक, अशा ३९२ स्त्रियांवर एक प्रयोग झाला व २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनीं ज्यांना पद्धतशीर व्यायाम शिकविला गेला, त्यांचा हात वर्षाअखेर इतरांपेक्षां चांगला चालत होता. भिंतीकडे तोंड करून उभें राहावें व बोटांनीं भिंतीवर मुंगीसारखें वर वर चढत जावें. जेथवर हात पोंचला तेथें पेन्सिलीची खूण करावी. घरांत लहान मूल असेल तर त्या खुणेची चौकशी तेंच रोज करील. याखेरीज आपल्या घरच्या कामांतच अर्धी व्यायामशाळा आहे. स्वतःची वेणी स्वतः घालणें, पदर खांद्यावर टाकून मागून पुढें घेणें, दोरीवर कपडे वाळत घालणें, फळीवरचा डबा काढणें, यांतील प्रत्येक काम खांद्याला त्याच दिशांनीं फिरवितें ज्या दिशांनीं व्यायाम शिकविणारा फिरवील. म्हणूनच, वहिनींची वेणी नणंदेनें घालून द्यावी, हा प्रेमळ नियम दोन आठवड्यांपुरता ठीक. दोन वर्षें चालला तर वहिनींचा हात कायमचा डोक्यापर्यंत पोंचेनासा होतो.

आतां थकव्याविषयीं. या विषयावर घरांत सर्वांत अधिक गैरसमज असतो, म्हणून त्यास थोडा अधिक वेळ देणें भाग आहे. उपचार संपून सहा महिने, वर्ष उलटलें तरी पुष्कळ स्त्रियांस एक विलक्षण थकवा जाणवतो. दिवसभर काम करून येणाऱ्या शिणाहून हा निराळा. तो झोपेनें जात नाहीं. सकाळीं उठतांनाच अंग मोडून आलेलें असतें. भाजी चिरावयास बसावें आणि निम्म्यांत विळी बाजूला सारावी असें वाटतें. बाहेरून रोगाचें कांहीं चिन्ह दिसत नाहीं, केस पुन्हां आलेले असतात, चेहरा भरलेला असतो. त्यामुळें कांहीं घरांत ‘आतां काय झालें आहे तिला?’ असा प्रश्न दबक्या आवाजांत विचारला जातो, तर कांहीं घरांत तिला आणखी निजविलें जातें. दोन्हीही वाटा चुकीच्या. थकवा खरा आहे, तिच्या मनाचा खेळ नव्हे. परंतु तो विश्रांतीनें हटत नाहीं, हालचालीनें हटतो, हें विचित्र वाटलें तरी अनेक प्रयोगांत पुनः पुनः दिसून आलें आहे. अंथरुणावर पडून स्नायु झिजतात. झिजलेल्या स्नायूंस तेंच काम अधिक जड वाटतें. जड वाटलें कीं मनुष्य पुन्हां पडतो. हें रहाट कोठें तरी तोडावें लागतें. तत्पूर्वीं रक्त कमी आहे काय, थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें आहे काय, मन खचलें आहे काय, याची डॉक्टरांकडून एकदां तपासणी करून घ्यावी. कारण त्यांचे उपाय निराळे आहेत.

पहिल्या आठवड्यांत दहा मिनिटें चालावें. गल्लीच्या टोंकापर्यंत जाऊन परत येणें एवढेंच. पुढच्या आठवड्यांत बारा-पंधरा. चालतांना बोलतां यावें, परंतु गाणें म्हणतां येऊं नये, इतपत वेग असला म्हणजे पुरे. २०१९ सालीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं एकत्र बसून जें माप ठरविलें, तें असें कीं आठवड्यांतून निदान तीन वेळां अर्धा अर्धा तास असें चालणें, आणि दोन वेळां स्नायूंना ताण देणारा व्यायाम. एवढ्यानें थकवा, उदासीनता, चिंता व हातापायांची अशक्तता यांत प्रत्यक्ष फरक पडतो. अमेरिकेंतील परिचारिकांच्या एका दीर्घ पाहणींत या रोगांतून उठलेल्या २९८७ स्त्रियांची माहिती २००५ सालीं मांडली गेली. आठवड्याला तीन ते पांच तास साधारण वेगानें चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण बैठ्या स्त्रियांपेक्षां बरेंच कमी आढळलें. अर्थात् जी मुळांत धडधाकट ती अधिक चालते, असेंही याचें एक कारण असूं शकेल. अशा पाहणीवरून व्यायामानें रोग परततच नाहीं असें सांगत सुटणें बरें नव्हे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयीं मात्र २०२५ सालीं कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत ८८९ रुग्णांवर झालेल्या प्रयोगानें, तीन वर्षें देखरेखीखालीं व्यायाम केल्यानें आयुष्य खरोखरच वाढतें, असें दाखविलें आहे. स्तनाच्या रोगाबाबत तितका पक्का पुरावा व्हावयाचा आहे. तथापि जिच्या अंगांत शक्ति आली, झोंप लागूं लागली, तिला त्या पुराव्यासाठीं अडून बसण्याचें कारण नाहीं.

मुंबईंत परळला १९४१ सालीं स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयानें योगासनांचीही अशीच रीतसर परीक्षा घेतली, ही अभिमानाची गोष्ट आहे. आसनें, श्वसन व शिथिलीकरण यांचा या रुग्णांसाठीं बेतलेला क्रम त्यांत वापरला गेला. घरांतील पुस्तक उघडून शीर्षासन करणें म्हणजे ही परीक्षा नव्हे. ज्यांची हाडें ठिसूळ झालीं आहेत त्यांनीं कंबरेंतून जोरानें पुढें वांकण्याचीं आसनें टाळावीं; आणि उपचारांतील कांहीं औषधें हृदयावर परिणाम करीत असल्यानें, थोडें चालतांच धाप लागत असेल तर आधीं डॉक्टरांस दाखवावें.

आहाराकडे वळलें कीं शेजारपाजारचे सर्व तज्ज्ञ जागे होतात. एक म्हणतात, दूध बंद करा. दुसरे म्हणतात, गहूं बंद करा. तिसऱ्यांच्या मतें साखर हेंच कर्करोगाचें खाद्य, म्हणून फळें देखील बंद. शरीर भाकरीची, डाळीची, सर्वांचीच साखर बनवितें. साखर अजिबात तोडून रोग उपाशी मरत नाहीं, बाई मात्र रोडावते. याच्या दुसऱ्या टोंकाला डिंकाचा लाडू आहे. बाळंतिणीला जें हितकर तें या दुखण्यांतून उठलेल्या पन्नाशीच्या स्त्रीला हितकर असेलच असें नाहीं. बहुतेकांची समजूत अशी कीं, कर्करोग मनुष्याला वाळवितो. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत पुष्कळ वेळां उलट घडतें. औषधांनीं पाळी अकालीं थांबते, बरोबर स्टेरॉइड दिलेलें असतें, हालचाल घटते, आणि वर्षभरांत चार-पांच किलो वजन सहज चढतें. त्यांतही स्नायु घटून मेद वाढलेला असतो. तपासणीच्या दिवशीं वजनाचा कांटा वर गेलेला पाहून घरांत आनंद मानतात, तो बहुधा अस्थानीं असतो. पाळी गेल्यावर शरीरांतील स्त्रीरस मुख्यतः मेदांतच तयार होतो, आणि याच रसावर या रोगाचे पुष्कळसे प्रकार पोसतात.

भाज्या खाव्या, हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु भाज्यांनाही औषधाचा मान देऊं नये. अमेरिकेंत ३०८८ स्त्रियांवर झालेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अर्ध्या स्त्रियांस रोज भाज्या, भाज्यांचा रस, फळें यांचा मारा केला गेला. सात वर्षांनीं दोन्ही गटांत रोग परतण्याचें प्रमाण शेंकडा १७ च्या आसपास, जवळ जवळ सारखेंच निघालें. दुसऱ्या एका प्रयोगांत २४३७ स्त्रियांपैकीं कांहींचें स्निग्ध पदार्थांचें प्रमाण कमी केलें. त्यांचें वजन सरासरीनें पावणेतीन किलोंनीं कमी राहिलें, आणि रोग परतण्यांत थोडासा फरक दिसला. लाभ तूप कमी केल्याचा कीं वजन घटल्याचा, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. घरच्या मंडळींनीं वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावयास नको. ताटांत अर्धा भाग भाज्या व कोशिंबीर, पाव भाग भाकरी-पोळी अथवा भात, उरलेला पाव भाग वरण, उसळ, दहीं, अंडें किंवा मासे. वरून तूप चमचाभर. इतकें साधें आहे. प्रथिनांत कसूर करूं नये. स्नायु भरून यावयाचे ते याच मालावर. शाकाहारी घरांत सकाळच्या न्याहारीला नुसते पोहे होतात, तेव्हां त्यांत मोड आलेली मटकी घालण्याची खटपट करावी. सोयाबीनला पुष्कळ जण भितात, कारण त्यांत स्त्रीरसासारखें द्रव्य आहे. परंतु चीनमध्यें शांघाय येथील ५०४२ स्त्रियांच्या पाहणींत, सोयाबीनचे पदार्थ अधिक खाणाऱ्यांत रोग परतण्याचें प्रमाण कमीच दिसलें. तेव्हां अन्न म्हणून तें खाण्यास हरकत नाहीं. त्याच्या अर्काच्या गोळ्या मात्र घेऊं नयेत. दारूविषयीं निकाल स्पष्ट आहे. ती या रोगाचा धोका वाढविते, आणि थोडी घेतली तर चालते असें सुरक्षित माप कोणी दाखवूं शकलेलें नाहीं. काढे, भस्में, हळदीच्या अर्काच्या गोळ्या यांपैकीं कांहीं घेण्यापूर्वीं उपचार करणाऱ्या डॉक्टरांस सांगावें, कारण रोज घ्यावयाच्या औषधाच्या कार्यांत अशा वस्तूंनीं अडथळा येऊं शकतो. वरणांतली हळद त्यांत मोडत नाहीं.

या रोजच्या औषधाविषयीं एक गोष्ट घरांतील सर्वांनीं जाणावी. ज्या स्त्रियांचा रोग स्त्रीरसावर पोसणारा असतो त्यांस टॅमॉक्सिफेन, किंवा पाळी गेल्यावर लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल यांपैकीं एक गोळी पांच ते दहा वर्षें घ्यावी लागते. गोळी लहान, परंतु तिचा त्रास लहान नसतो. अंगांतून वाफा निघतात, बोटें व गुडघे आंखडतात, आणि लेट्रोझोल वर्गाच्या गोळ्यांनीं हाडें विरळ होतात. सांधे धरले म्हणून कित्येक जणी घरांत कोणास न सांगतां गोळी सोडून देतात. हें फार घातक आहे. येल विद्यापीठांत अशा १२१ स्त्रियांवर प्रयोग झाला. वर्षभर चालणें व वजनें उचलणें यांनीं त्यांची सांधेदुखी लक्षांत येण्याइतकी उतरली. हाडांसाठीं नाचणीची भाकरी उत्तम. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तांदुळांत त्याचा अल्पांशही नसतो. दहीं, ताक, तीळ हींही आहेत. बंद सदनिकांत राहणाऱ्यांस ऊन मिळत नाहीं, म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी करून डॉक्टर सांगतील तितकेंच घ्यावें. अधिक घेतल्यानें हाडें अधिक बळकट होत नाहींत.

शरीराचें एवढें केल्यावरही एक भाग राहतो, आणि त्यासंबंधीं प्रयोगशाळेपेक्षां घरालाच अधिक ठाऊक असतें. स्तन गेलेल्या स्त्रीला आरशापुढें उभें राहणें अवघड वाटतें. हळदीकुंकवास जावयाचें तर पदर नीट राहील कीं नाहीं, कोणाच्या ध्यानांत येईल काय, या विचारानें ती कांहीं तरी निमित्त काढून घरींच राहते. आंत बसविण्याचे वजनदार कृत्रिम आकार मिळतात. त्यांनीं रूप सांवरतें इतकेंच नव्हे, दोन्ही खांद्यांवरील भार सारखा राहून पाठ दुखावयाची थांबते. नुसत्या कापसाच्या घडीनें तें साधत नाहीं. पतिपत्नींमधील जवळीक हा विषय आपल्या घरांत बोलला जात नाहीं, रुग्णालयांतही क्वचितच निघतो. परिणामीं पतीला वाटतें, तिला स्पर्श दुखेल, आणि तिला वाटतें, आपण नकोशा झालों. दोघेही दुसऱ्याच्या भल्यासाठींच गप्प असतात. हा रोग स्पर्शानें, एकत्र जेवणानें किंवा सहवासानें लागत नाहीं, हें सुशिक्षित घरांतही स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ येते, याचें आश्चर्य वाटतें. तसेंच, आईला झाला म्हणजे मुलीला होणारच, हेंही खरें नाहीं; जन्मतः लाभलेल्या दोषामुळें होणारे रोगी शेंकडा पांच ते दहाच असतात. घराण्यांत अनेकींना किंवा अगदीं तरुण वयांत झाला असेल, तर त्याची तपासणी होऊं शकते.

विसरभोळेपणाही येतो. आमटींत मीठ दोनदां पडतें, ओळखीच्या बाईचें नांव ओठावर येत नाहीं. औषधांच्या दिवसांनंतर हें कित्येकींस होतें व बहुधा हळुहळू कमी होतें. तोंवर भिंतीवर पाटी टांगून त्यावर कामें लिहावीं, आणि खारट आमटीवर घरांतील विनोदी पुरुषांनीं आपली बुद्धि खर्च करूं नये.

काम कोणतें करावें व कोणतें नको, हें तिनें ठरवावें. नोकरी असेल तर पहिल्यांदां अर्धा दिवस, मग पूर्ण. घरचें असेल तर तिला जें आवडतें तें काम आधीं परत द्यावें. पुष्कळ घरांत नेमकें उलट होतें. तिच्या हातून पुरणपोळी काढून घेतात आणि हिशेबाची कंटाळवाणी वही मात्र तिच्याकडेच राहते. बाजाराची पिशवी उचलूं द्यावी. आज अर्धा किलो टोमॅटो, पुढच्या महिन्यांत दोन किलो बटाटे. श्मिट्झबाईंच्या वजनांचें याहून स्वस्त रूप मिळणें कठीण.

सहा महिन्यांनीं अथवा वर्षानें तपासणीचा दिवस येतो. त्याच्या आधींचा आठवडा घराला जड जातो. झोंप उडते, किरकोळ दुखण्याचाही अर्थ लावला जातो, आणि चालणें, व्यायाम, वेळेवर जेवणें हीं सर्व त्या आठवड्यापुरतीं बाजूला पडतात. तीं पडूं देऊं नयेत. दंडाचा घेर मापपट्टीनें दर महिन्यास घेऊन लिहून ठेवला असेल तर तो कागद बरोबर न्यावा. गोळीचा जो त्रास होतो तोही चार ओळींत लिहून न्यावा, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमका तोच आठवत नाहीं. दवाखान्यांतील नंबर दहा वाजतां लागणार असेल तर सहा वाजतां उठून रोजचा अर्धा तास चालून यावें. बरोबर जाणारानेंही त्या दिवशीं खुर्चीवर बसून न राहतां तिच्यासोबत चालावयास निघावें.